अझुमांगा दाइओ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीत कुणी ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन सिरीज, बघणारं भेटलं की मी ही सिरीज सुचवतेच, आणि मग दर वेळी तेच तेच प्रश्न येतात, म्हणून म्हटलं एकदाच बसून सगळं लिहून काढू. शेवटाबद्दलचं जे काही आहे ते खाली टाकलंय, त्यामुळे ज्यांना आधी कळायला नकोय त्यांनी माया मांजराच्या प्रश्नापाशी थांबा.

हे नक्की आहे तरी काय?

कियोहिको अझुमा यांची मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, आहे. देंगेकी दाइओ नावाच्या मासिकात १९९९ ते २००२ अशी आली आणि चार खंडांत संपली. २००२ मध्येच जे. सी. स्टाफ या स्टुडिओने त्यावर ॲनिमे केलं, हिरोशी निशिकिओरी यांचं दिग्दर्शन, एकूण २६ भाग. हायस्कूलची तीन वर्षं, सहा मुली, दोन-तीन शिक्षक, एक मोठा पांढरा कुत्रा, आणि एक करडं मांजर जे चावतं. बस. जादू नाही, रोबो नाही, कुणाला जग वाचवायचं नाहीये आणि लव्ह स्टोरी तर जवळजवळ नाहीच.

नावाचा अर्थ काय आणि उच्चार कसा करायचा?

अझुमा अधिक मांगा, झालं अझुमांगा. म्हणजे अझुमांची मांगा. दाइओ हे त्या मासिकाच्या नावातलं, त्याचा अर्थ महाराजा, सम्राट असा काहीतरी, पण इथे कुणी राजाबिजा नाही, ते फक्त मासिकाचं नाव जोडलेलं आहे. झ हा 'माझा' मधला. आपल्याला तो आयताच येतो, हिंदीतून किंवा इंग्रजीतून बघणारे लोक अजुमांगा म्हणतात ते ऐकून मला दर वेळी टोकावंसं वाटतं. शेवटचा ओ जरा लांबवायचा.

स्टोरी काय आहे? मी दोन एपिसोड बघितले, काहीच घडलं नाही.

घडतं ना. एका मुलीला उचकी लागते आणि ती जात नाही. लाकडी चॉपस्टिक्सची जोडी सरळ दोन भागांत तुटायच्या ऐवजी एकीकडे जाड तुकडा आणि एकीकडे काडी अशी तुटते. गाडीत बाई स्वतः ड्रायव्हिंगला बसल्यावर मागच्या सीटवरच्या मुलीचा चेहरा हळूहळू कसा होत जातो ते दिसतं. हे सगळं घडणंच आहे, फक्त आपल्याला सवय लागलेली असते की घडणं म्हणजे कुणीतरी मरायला पाहिजे किंवा मॅच जिंकायला पाहिजे.

खरी स्टोरी म्हणाल तर वेळ. एप्रिलमध्ये पहिलं वर्ष सुरू होतं, मग उन्हाळ्याची सुट्टी, स्पोर्ट्स डे, कल्चरल फेस्टिव्हल, नवं वर्ष, परत एप्रिल, वर्ग बदलतात, आणि असं तीनदा. तुम्ही हसत असता, हसत असता, आणि मधेच लक्षात येतं की अरे, ह्या मुली आता तिसऱ्या वर्षाला आल्या, आता परीक्षा, मग संपलंच. मला तरी हे इतकं हळू आणि इतकं बरोबर करणारी दुसरी सिरीज सापडलेली नाही.

कोण कोण आहे? नावं लक्षात राहत नाहीत.

चियो मिहामा, दहा वर्षांची, दोन शेंड्या, हुशार म्हणून प्राथमिक शाळेतून थेट हायस्कूलला आलेली. जपानमध्ये असं मधले वर्ग गाळून वर जाता येत नाही, म्हणजे तिथल्या वाचकालासुद्धा ही गोष्ट कल्पितच आहे, पण सिरीज ती इतक्या सहज सांगते की पाच मिनिटांत तुम्ही प्रश्न विचारायचा सोडून देता. सगळ्यांशी अदबीने बोलते, स्वयंपाक येतो, पोहायला धावायला जमत नाही कारण पाय छोटे. तिचा कुत्रा तादाकिची-सान, तिच्याहून मोठा.

साकाकी उंच, केस लांब, बोलत नाही, खेळात एक नंबर. सगळ्या वर्गाला वाटतं ही काय गूढ, काय कूल. हाताला बँडेज बांधून आली की पोरींना वाटतं हिने कुठे तरी मारामारी केली असणार. तिला मांजर चावलेलं असतं. तिला फक्त गोंडस गोष्टी आवडतात आणि ते ती कुणाला सांगू शकत नाही. तिचं पहिलं नाव काय हे शेवटपर्यंत कळत नाही.

तोमो ताकिनो म्हणजे वर्गात एक असते ना जिचा आवाज सगळ्यात मोठा, डोक्यात काही नाही पण उत्साह प्रचंड, ती. कोयोमी मिझुहारा, सगळे योमी म्हणतात, चष्मा, तोमोची प्राथमिक शाळेपासूनची मैत्रीण, कायम डाएटवर आणि कायम तोमोला ओरडत असते. कागुरा दुसऱ्या वर्षी ह्यांच्या वर्गात येते, पोहणारी, साकाकीला आपली प्रतिस्पर्धी मानते, साकाकीला त्याचा पत्ता नसतो. आणि ओसाका. तिच्यासाठी खाली वेगळा प्रश्न ठेवलाय कारण दोन ओळीत ती मावत नाही.

सहाव्यांदा बघताना मला काओरिन पण आवडायला लागली, साकाकीवर जीव टाकणारी मुलगी, बिचारीला तिसऱ्या वर्षी नेमका नको त्या सरांचा वर्ग मिळतो.

शिक्षकांमध्ये युकारी तानिझाकी, इंग्रजी शिकवतात, क्लास टीचर, उशिरा येतात, मूड असेल तसं शिकवतात, मुली त्यांना बाई न म्हणता मैत्रिणीला हाक मारावी तसं युकारी-चान म्हणतात. मिनामो कुरोसावा उर्फ न्यामो, पीटीच्या बाई, युकारींची शाळेपासूनची मैत्रीण, समंजस, सगळ्यांना आवडणाऱ्या. ह्या दोघींची मैत्री बघताना कळतं की तोमो आणि योमी पंधरा वर्षांनी अशाच होणार. सिरीज हे बोलून दाखवत नाही कधी, पण दोन जोड्या शेजारी शेजारी ठेवल्यात आणि आपलं आपण बघायचं.

ओसाका हे शहराचं नाव आहे ना? मग मुलीचं कसं?

तिचं खरं नाव आयुमु कासुगा. ओसाकाहून बदली होऊन येते, तोमो पहिल्याच दिवशी तिला ओसाका म्हणायला लागते आणि मग सगळेच, बाईसुद्धा. आमच्या होस्टेलला एक मुलगी होती सोलापूरची, तिला पहिल्या आठवड्यापासून सगळ्या 'ए सोलापूर' म्हणायच्या, चार वर्षं तेच, लग्नाची पत्रिका आली तेव्हा तिचं पूर्ण नाव मी पहिल्यांदा नीट वाचलं. त्यामुळे हा जोक मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

पण गंमत अशी की जपानी माणसाच्या डोक्यात ओसाका म्हटलं की एक चित्र तयार असतं. फटाफट बोलणारे, कायम विनोद करणारे, व्यापारी डोक्याचे, बेसबॉलमध्ये हानशिन टायगर्सचे कट्टर फॅन. वर्गाला वाटतं आता धमाल येणार. आणि येते कोण, तर हळू, शांत, खिडकीबाहेर बघत बसणारी, प्रश्न विचारल्यावर चार सेकंदांनी उत्तर देणारी मुलगी. आणि ती वेडी नाहीये हां, तिच्या डोक्यात सतत काहीतरी चाललेलं असतं, फक्त ते वेगळ्याच गल्लीत चाललेलं असतं. चियोच्या शेंड्या डोक्यावरून सुटून आल्या तर काय होईल, हा प्रश्न तिला खरंच पडतो आणि ती खरंच विचार करते. अझुमा स्वतः ह्योगो प्रांतातल्या ताकासागोचे, म्हणजे कानसाई भागातलेच, ओसाका तिथून काही फार लांब नाही. घरच्या माणसाने घरच्यांची केलेली चेष्टा आहे ती, म्हणून बोचत नाही.

तिची बोली पण बघा. कानसाईत एका मात्रेचे शब्द लांबवतात, डोळ्याला टोकियोत 'मे' म्हणतील तर तिकडे 'मेए', हाताला 'ते' तर तिकडे 'तेए'. जपानी येत नसेल तरी कान देऊन ऐकलंत की तिचं बोलणं बाकीच्यांपेक्षा सैल, लांबट वाटतं, ते त्यामुळे.

एक सीन सांगते. चियोच्या समर हाउसवर सगळ्या राहायला गेल्यात, सोबत बाई पण. सकाळी ओसाकाला वाटतं युकारी बाईंना उठवावं, आणि उठवायचं कसं तर सिनेमात दाखवतात तसं फ्राइंग पॅन वाजवून. बाई डोळे उघडतात, समोर ओसाका उभी, चेहरा नेहमीचाच, हातात स्वयंपाकघरातली सुरी. पॅनच्या ऐवजी सुरी उचललेली असते, बाकी काही नाही. हा सीन मी माझ्या भाचीबरोबर लॅपटॉपवर बघितला, ती तेव्हा आठवीत होती, आणि ती सुरी बघून नाही हसली, ओसाकाला स्वतःला आपलं काय चुकलंय हे कळायला जो वेळ लागतो ना, त्या वेळात ती हसायला लागली आणि मग तिला थांबताच येईना. मी पॉज केलं तर म्हणाली मावशी पॉज नको करू, तो वेळच तर मजेशीर आहे.

इतकं स्लो का आहे? १.५ स्पीडवर बघितलं तर चालेल का?

नका बघू, प्लीज. माझ्या भाचीने जे सांगितलं तेच ह्याचं उत्तर आहे.

साकाकी आणि मांजराचा सीन घ्या. भिंतीवर करडं मांजर बसलंय. साकाकी थांबते. इकडे तिकडे बघते, कुणी नाही ना. हात पुढे करते, हळू. मांजर हलत नाही. अजून थोडा पुढे. मांजराचा चेहरा तसाच, काही नाही, ना राग ना प्रेम. आपण पण श्वास धरून बसलोय. आणि मग कचकन, अख्खा हात तोंडात. साकाकी ओरडत नाही, ती फक्त उभी राहते. हे दर काही भागांनी होतं आणि आपल्याला शंभर टक्के माहिती असतं की चावणार, तरी दर वेळी वाटतं ह्या वेळी कदाचित नाही चावणार, कारण तिलाही तसंच वाटतंय. स्पीड वाढवला की ही आशाच मरते आणि उरतं काय तर मांजर चावलं.

संगीतसुद्धा ह्या थांबण्यासाठीच केलेलं आहे असं मला वाटतं. मासाकी कुरिहारा यांचं आहे, त्यात रेकॉर्डर खूप वापरलाय, म्हणजे जपानी मुलं शाळेत संगीताच्या तासाला शिकतात ती साधी बासरी. जरा कच्चा, शाळेच्या वर्गातून ऐकू येतो तसा आवाज.

आधी मांगा वाचू की ॲनिमे बघू?

दोन्ही कराच, पण मी म्हणेन आधी ॲनिमे. मांगा चार चौकटींची आहे, जपानीत योनकोमा म्हणतात, पेपरात रोज येते तशी पट्टी, फक्त आडवी नाही तर उभी, वरून खाली वाचायची आणि उजवीकडची आधी. पहिल्या चौकटीत सुरुवात, दुसरीत पुढे जाणं, तिसरीत वळण, चौथीत शेवट, असा जुना साचा आहे. अझुमा काय करतात, बऱ्याचदा चौथ्या चौकटीत काही घडतच नाही, फक्त चेहरे. सवय नसेल तर चार पानांत माणूस म्हणतो जोक कुठाय. ॲनिमे बघून झालं की तोच जोक डोक्यात आवाजासकट वाचता येतो, मग मांगा एकदम उघडते.

ॲनिमेचा साचा पण त्यामुळेच वेगळा आहे. जपानमध्ये ते सोमवार ते शुक्रवार रोज पाच मिनिटांचा तुकडा असं दाखवायचे आणि आठवड्याचे पाच तुकडे जोडून एक एपिसोड. पाच गुणिले सव्वीस, एकशे तीस तुकडे. म्हणून एका एपिसोडमध्ये विषय पाचदा बदलतो, तुम्हाला वाटेल एडिटिंग गंडलंय, तसं नाहीये. रोज जेवताना एक तुकडा बघितलात तर सगळ्यात उत्तम, मूळ बेत तोच होता.

इंग्रजीत येन प्रेसने चारही खंड एकत्र करून एक जाडजूड पुस्तक काढलं होतं, मी तेच वाचलंय.

सब की डब?

सब, म्हणजे मूळ जपानी आवाज आणि खाली सबटायटल्स. आवाजांसाठी. चियोचा तोमोको कानेदा यांचा आवाज सुरुवातीला कानाला टोचतो, तिसऱ्या भागापर्यंत त्याच्याशिवाय चियो सुचत नाही. इंग्रजी डब वाईट नाही, त्यात ओसाकाला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या लोकांसारखं बोलायला लावलंय आणि ते बऱ्यापैकी जमलंय, हळूपणा येतो त्यात. पण मग तिचं नाव ओसाका आणि बोलणं टेक्सासचं, ते मला नाही पचत.

जपानी शाळेबद्दल आधी काही माहिती पाहिजे का?

फार नाही. वर्ष एप्रिलला सुरू होऊन मार्चला संपतं. हायस्कूल तीन वर्षांचं, म्हणजे साधारण आपली दहावी ते बारावी. दर वर्षी वर्गांची अदलाबदल होते, कोण कुणाच्या वर्गात जाणार ह्याची यादी लागते आणि त्यावर मैत्र्या तुटतात-जुळतात, म्हणून एप्रिलचे भाग नीट बघा. जूनमध्ये उन्हाळी युनिफॉर्म, ऑक्टोबरमध्ये परत हिवाळी, त्यावरूनही महिना ओळखता येतो. वर्ग मुलंच झाडतात. कल्चरल फेस्टिव्हलला प्रत्येक वर्ग काहीतरी मांडतो, कॅफे, प्रदर्शन, काहीही, आणि चियोचा पेंग्विनचा ड्रेस तिथलाच.

ट्रिपला ओकिनावाला जातात तेव्हा सगळ्या 'साता आंदागी' म्हणून ओरडतात ते काय हे बऱ्याच जणांनी विचारलंय. तळलेला गोड गोळा आहे तो पिठाचा, विदर्भातल्या लोकांना गुळाची बोंडं म्हटलं की लगेच डोळ्यासमोर येईल, साधारण त्या वळणाचा. जोक काही नाही, नाव म्हणायला मजा येते म्हणून म्हणतात. तेवढंच पुरेसं असतं त्या वयात.

ते संत्र्यासारखं, मांजरासारखं दिसणारं काय आहे?

चियोचे बाबा. म्हणजे साकाकीच्या स्वप्नात ते स्वतः तसं सांगतात. उडतात, खर्जातल्या आवाजात गंभीरपणे बोलतात, आवाज नोरिओ वाकामोतो यांचा. साकाकीला ते मनापासून पटलेलं आहे आणि ती चियोच्या घरी गेली की त्या विचाराने हळूच इकडे तिकडे बघते. ह्याहून जास्त स्पष्टीकरण नाही, आणि नसलेलंच बरं.

लहान मुलांना दाखवू का?

बारा-तेराच्या पुढे दाखवा, आणि एका गोष्टीसाठी सोबत बसा. किमुरा सर. हे शिक्षक मुलींकडे ज्या नजरेने बघतात आणि वर्गात सगळ्यांसमोर ते बोलून दाखवतात, तो त्या काळी विनोद म्हणून लिहिलाय, आणि मला तो तेव्हाही आवडला नव्हता, आता तर अजिबात नाही. सिरीज त्यांना दुसरी बाजू पण देते, बायको अतिशय चांगली, स्वतः रस्त्यावरचा कचरा उचलतात, दान करतात, पण त्याने पहिली गोष्ट धुऊन निघत नाही. माझ्या भाचीने विचारलं होतं की ह्यांची कम्प्लेंट का नाही करत कुणी, आणि तिला मी सांगितलं की करायला पाहिजे. सिरीजवर माझं प्रेम आहे म्हणून हे झाकावं असं मला वाटत नाही. बाकी मग एका रात्री न्यामो बाई दारू पिऊन मुलींना मोठ्यांच्या गोष्टी सांगतात, पण ते आपल्याला ऐकवत नाहीत, मुलींचे चेहरे फक्त दिसतात.

पुढे अजून भाग आले का? ह्याच्यासारखं अजून काय?

ॲनिमे तेवढंच. दहा वर्षं झाली म्हणून २००९ मध्ये मांगा नव्याने तीन खंडांत आली, एका वर्षाला एक खंड, चित्रं बरीच सुधारून आणि काही नवीन प्रकरणं घालून. २००३ पासून अझुमा 'योत्सुबा' लिहितायत, ती पाच वर्षांच्या मुलीची गोष्ट, अझुमांगा आवडली तर ती आवडणारच. शाळेतल्या मुली आणि त्यांचा रिकामा वेळ ह्यावर पुढे जी लाट आली, लकी स्टार, के-ऑन, निचिजोऊ, त्या सगळ्यांच्या आधीची ही.

माया नावाचं मांजर खरंच असतं का? (इथून पुढे शेवटाबद्दल आहे)

ती जात खरी आहे. इरिओमोते यामानेको, म्हणजे इरिओमोतेचं रानमांजर. इरिओमोते हे बेट ओकिनावा प्रांतात मोडतं पण ओकिनावाच्या मुख्य बेटापेक्षा तैवानला जवळ आहे, आणि हे मांजर जगात फक्त तिथेच आहे, साधारण शंभर. १९६० च्या दशकात शास्त्रज्ञांना त्याचा पत्ता लागला, १९७७ पासून त्याला विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा आहे. लेपर्ड कॅट म्हणतात ना, जी आपल्या सह्याद्रीतही आहे, तिचीच ही उपजात मानतात आता. त्यांना सगळ्यात मोठा धोका रस्त्यावरच्या गाड्यांचा.

आणि मांगात नेमकं तेच आहे. ट्रिपला गेलेल्या साकाकीला त्या बेटावर एक पिल्लू भेटतं आणि आयुष्यात पहिल्यांदा एक मांजर तिला चावत नाही. नंतर त्याची आई गाडीखाली जाते. आणि ते पिल्लू एवढं समुद्र ओलांडून तिच्यापर्यंत येतं, नेमकं तेव्हा जेव्हा करड्या मांजराची टोळी तिला आणि चियोला घेरून उभी असते. खऱ्यात असं मांजर कुणाला पाळता येणार नाही, माहितीये, समुद्राचं पण माहितीये. पण तीन वर्षं तो पुढे केलेला हात बघितल्यावर त्या क्षणी हे प्रश्न मला तरी पडले नाहीत. साकाकीच्या घरी मांजर चालत नाही, म्हणून माया काही दिवस चियोकडे राहते. पुढे काय शिकायचं हे साकाकीने ठरवलेलंच असतं, प्राण्यांची डॉक्टर.

शेवट रडवतो का?

मला रडवतो. चियो पुढे शिकायला अमेरिकेला जाणार असते, शाळा संपते तेव्हाही ती बारा-तेरा वर्षांचीच. निरोप समारंभात ती रडते आणि तेव्हा आठवतं की अरे ही तर लहान आहे, तीन वर्षं आपणच विसरून गेलो होतो. प्रवेश परीक्षांचे निकाल लागतात त्यात तोमो पास होते, अभ्यास करणारी योमी मात्र आधी नापास होत राहते, शेवटच्या एका ठिकाणी पास होते, आणि तोमोची चेष्टा त्यातही थांबत नाही पण योमीसाठी तीच सगळ्यात जास्त अस्वस्थ असते.

मॅजिकल लँड लक्षात ठेवा. योमीला ह्या अम्युझमेंट पार्कला जायची फार इच्छा असते आणि नेमकी ती आजारी पडते, बाकीच्या जाऊन येतात, तोमो तिथून फोन करून करून तिला जळवते. कितीतरी भागांपूर्वीची गोष्ट, आपण विसरलेलो असतो. शाळा संपल्यावर परत मॅजिकल लँडला जायचा बेत ठरतो, आणि ह्या वेळी योमी सोबत आहे.